‘अप’ म्हणजे वर, तर ‘टाइम इज अप’ म्हणजे वेळ संपली कशी?

शंकासुर (धागाकर्ता)

इंग्रजी बऱ्यापैकी वाचता-लिहिता येतं, पण ‘अप’ हा एवढासा शब्द दर वेळी पायात येतो. ‘अप’ म्हणजे वर हे शाळेतलं पोरही सांगेल. पण ‘गिव्ह अप’मध्ये काय वर जातं? ‘शट अप’मध्ये काय? ‘टाइम इज अप’ म्हणजे वेळ संपली आणि ‘सर्व्हर इज अप’ म्हणजे सर्व्हर चालू आहे. एकीकडे संपणं, दुसरीकडे चालू असणं, शब्द तोच. ‘बर्न अप’ आणि ‘बर्न डाऊन’, दोन्हींचा अर्थ जळून जाणं. वरून ‘यूज’ आणि ‘यूज अप’, ‘क्लीन’ आणि ‘क्लीन अप’ या जोड्या. यातलं ‘अप’ गाळलं तर नेमकं काय बिघडतं, ते सांगता येत नाही.

विचारायचं आहे ते हे:

१. या सगळ्या अर्थांना काही सूत्र आहे, की घोकंपट्टीला पर्याय नाही?
२. ‘पिक अप द बुक’ चालतं, ‘पिक द बुक अप’ चालतं, मग ‘पिक अप इट’ का चालत नाही?
३. ‘सेट अप’ एक शब्द की दोन?

कृपया याद्या देऊ नका. त्या ढिगानं मिळतात आणि आठवड्यात विसरायला होतात.

---

व्याकरणी

सूत्र आहे, आणि मराठी बोलणाऱ्याला ते इतरांपेक्षा लवकर सापडायला हवं. ‘लिहून काढणे’ यात आपण काय ‘काढतो’? ‘वापरून टाकणे’ यात काय ‘टाकतो’? काहीच नाही. दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ विरून जातो आणि ते फक्त एवढंच सांगतं, की क्रिया शेवटाला गेली. इंग्रजी ‘अप’चं सर्वांत मोठं काम हेच आहे. यूज म्हणजे वापरणे, यूज अप म्हणजे वापरून टाकणे. टेअर म्हणजे फाडणे किंवा फाटणे, टेअर अप म्हणजे फाडून टाकणे. राइट अप म्हणजे लिहून काढणे. अशा जोड्यांत ‘वर’ शोधायला गेलात की फसलात.

नेमका फरक काय पडतो, हे तपासायची कसोटी कालावधीची. ‘द पेपर बर्न्ड फॉर टेन मिनिट्स’, कागद दहा मिनिटं जळत होता. ‘द पेपर बर्न्ड अप इन टेन मिनिट्स’, कागद दहा मिनिटांत जळून गेला. आता अदलाबदल करून पाहा: ‘बर्न्ड अप फॉर टेन मिनिट्स’ कानाला खटकतं, जसं ‘दहा मिनिटं जळून गेला’ खटकतं. ‘अप’ लागलं की क्रियेला टोक येतं आणि टोक असलेल्या क्रियेला ‘फॉर’ सोसत नाही.

त्यातूनच कर्माचा नियम निघतो. ‘ड्रिंक अप द वॉटर’ बरोबर. नुसतं ‘ड्रिंक अप वॉटर’ विचित्र. कारण संपवायचं तर किती संपवायचं हे ठरलेलं हवं. म्हणून अशा ‘अप’सोबत बहुतेक वेळा ‘द’, ‘माय’, ‘ऑल’ असं काहीतरी मर्यादा घालणारं येतं.

मात्र एका ठिकाणी मराठी आणि इंग्रजीची फारकत होते, आणि तिथे चूक हमखास होते. नकार. ‘मी ते वापरून टाकलं नाही’ असं आपण सहसा म्हणत नाही. इंग्रजीत ‘आय डिडन्ट यूज इट अप’ अगदी सरळ वाक्य आहे आणि त्याचा अर्थ ‘वापरलं नाही’ असा होत नाही. वापरलं, पण संपवलं नाही, थोडं शिल्लक आहे. ‘अप’ गाळून ‘आय डिडन्ट यूज इट’ म्हटलंत तर हातच लावला नाही, असा अर्थ होतो. प्रश्न विचारताना आणि नकार देताना ‘अप’ गाळू नये ते यासाठी.

आणखी एक मर्यादा: ‘टाकणे’मध्ये कधी कधी घाईची किंवा एकदाचं सुटल्याची छटा असते. ‘अप’मध्ये ती नसते.

कोणत्या क्रियापदांना हे ‘अप’ लागतं? बहुतेक छोट्या, जुन्या, घरगुती इंग्रजी शब्दांना. लॅटिन घराण्यातले जडशीळ शब्द ते घेत नाहीत: ‘ईट अप’ आहे, ‘कन्झ्यूम अप’ नाही, ‘टाय अप’ आहे, ‘कनेक्ट अप’ क्वचित. अपवाद आहेत, ‘डिव्हाइड अप’ सर्रास चालतं. ‘अराइव्ह’, ‘डाय’, ‘रीच’ यांत टोक आधीच असल्यामुळे तिथे ‘अप’ला काम उरत नाही.

---

कोशकीटक

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ‘टाइम इज अप’ आणि ‘सर्व्हर इज अप’ यांचं कोडं त्यानं अर्धंच सुटतं. तिथे दोन वेगळ्या प्रतिमा आहेत.

पहिली काठाची. भांड्यात पाणी चढत चढत काठाला लागलं की पुढे जागा नाही. ‘टाइम इज अप’मध्ये वेळेचं माप भरलं. ‘फिल अप’, ‘ब्लॉक अप’, ‘क्लॉग अप’ हे त्याच रांगेतले, आणि व्याकरणी म्हणतात ते पूर्णत्वही बहुधा याच दिशेनं आलेलं.

दुसरी उभं असण्याची. आडवं ते निजलेलं, बंद, पडलेलं. उभं ते जागं, चालू. ‘शी इज अप’ म्हणजे ती उठली आहे. ‘द टेंट इज अप’ म्हणजे तंबू उभा आहे. ‘सर्व्हर इज अप’ यातलंच. आपणही ‘सर्व्हर पडला’ म्हणतोच. ‘सेट अप’ला ‘उभारणे’ हा शब्द नेमका बसतो तो याच कारणानं.

तिसरी ‘जास्त म्हणजे वर’ ही. ‘प्राइसेस आर अप’, ‘टर्न अप द व्हॉल्यूम’, ‘चिअर अप’, ‘स्पीड अप’. इथे शिकण्यासारखं फार नाही, कारण मराठीतही भाव चढतात, आवाज चढतो आणि चेहरा उतरतो. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये ही वर-खालची रूपकं सविस्तर मांडली. तेव्हापासून ‘अप’चे अर्थ नुसती यादी म्हणून न देता अशा प्रतिमांनुसार लावण्याची पद्धत रूढ होत गेली.

चौथी जवळ येण्याची, आणि शिकणारे तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. ‘शी वॉक्ड अप टू मी’, ती चालत माझ्यापाशी आली. सपाट जमिनीवर. ‘कॅच अप’, ‘कीप अप’, ‘क्रीप अप ऑन’, सगळ्यांत अंतर कमी होणं किंवा वाढू न देणं आहे. जवळ आलं की दिसतं, म्हणून ‘शो अप’, ‘टर्न अप’, ‘क्रॉप अप’, ‘कम अप’ यांत प्रकट होणं. ‘अ प्रॉब्लेम हॅज कम अप’, अडचण उपटली.

अवांतर: इंग्रजी ‘अप’ हा संस्कृत ‘अप’चा नातलग नाही, तो ‘उप’चा आहे. ‘अप’ उपसर्गाचे इंग्रजी भाऊबंद म्हणजे ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’. आणि आपला ‘वर’ संस्कृत ‘उपरि’पासून आलेला, म्हणून त्याचं नातं ‘ओव्हर’शी. ‘उपस्थित’ आणि ‘उपगमन’ यांतही जवळ येणं आहे, हे पाहून मजा वाटते. पण चौथ्या गटातला अर्थ थेट तिथून आला, असा दावा मी करणार नाही.

---

रोखठोक

सूत्रं छान आहेत, पण हात राखून वापरा. ‘मेक अप’चंच घ्या. मनानं रचणे, रंगभूषा करणे, भांडणानंतर गोडी होणे, भरपाई करणे (‘मेक अप फॉर लॉस्ट टाइम’), मिळून बनणे (‘इलेव्हन प्लेअर्स मेक अप अ टीम’). यातले किती अर्थ तुम्ही काठावरून आणि उभारण्यावरून काढून दाखवाल? ओढूनताणून काढता येतील, पण वाक्य ऐकल्यावर त्याचा उपयोग शून्य. सूत्र आधी माहीत असलेला अर्थ लक्षात ठेवायला मदत करतं. नवा अर्थ ओळखायला ते भरवशाचं नाही. ‘हँग अप’ म्हणजे फोन ठेवणे, यात ‘अप’ आलं कारण जुन्या भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर खरोखर वर आकड्याला अडकवत. हे कोणत्या सूत्रातून निघणार?

माझ्या मते कामाची पद्धत अशी. ‘अप’ची यादी करू नका, क्रियापदाचीही करू नका, कर्मासकट नोंद करा. ‘पिक अप’ एवढंच लिहून काही होत नाही. ‘पिक अप अ लँग्वेज’ (कानावर पडून भाषा शिकणे), ‘पिक अप द फोन’ (उचलणे), ‘पिक अप अ फ्रेंड फ्रॉम द स्टेशन’ (आणायला जाणे), ‘पिक अप अ सिग्नल’ (पकडणे), ‘सेल्स पिक्ड अप’ (वाढली, इथे कर्मच नाही). अर्थ ठरतो तो कर्मावरून. प्रत्येक ओळीशेजारी ‘इट’ किंवा ‘देम’ घालून तेच वाक्य पुन्हा लिहा, म्हणजे शब्दक्रमही अंगवळणी पडतो.

आणि ‘बर्न अप’ व ‘बर्न डाऊन’ समानार्थी नाहीत. घर ‘डाऊन’ जळतं, कारण उभी वस्तू कोसळते. कागद, इंधन, उल्का ‘अप’ जळतात, कारण मागे काही उरत नाही. झाडाचंही तसंच: ‘कट डाऊन’ म्हणजे तोडून पाडणे, ‘कट अप’ म्हणजे पाडल्यावर तुकडे करणे. क्रम उलटा करता येत नाही.

---

पदच्छेद

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

‘ही रॅन अप द हिल.’ तो टेकडी चढून धावत गेला.
‘ही रॅन अप अ बिल.’ त्यानं बिल फुगवून ठेवलं.

दिसायला सारखी, बांधणी वेगळी. पहिल्यात ‘अप द हिल’ हा एक तुकडा आहे, ‘अप’ टेकडीला चिकटलेलं. दुसऱ्यात ‘रॅन अप’ हा एक तुकडा आहे, ‘अप’ क्रियापदाला चिकटलेलं. कसोटी: ‘ही रॅन अ बिल अप’ म्हणता येतं, ‘ही रॅन द हिल अप’ म्हणता येत नाही. सर्वनाम घातलं तर ‘ही रॅन अप इट’ हे टेकडीचं, ‘ही रॅन इट अप’ हे बिलाचं. म्हणजे ‘अप इट’ हा क्रम सरसकट चूक नाही. टेकडी, जिना, शिडी असेल तर तोच बरोबर.

आता कारण. इंग्रजीत नवी माहिती वाक्याच्या शेवटाकडे जाते आणि आघातही तिथेच पडतो. ‘इट’ म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट. तिला आघात नको. म्हणून ती क्रियापदाला बिलगून मध्ये बसते आणि शेवटचं वजन ‘अप’ला मिळतं. बोलताना ‘पिक इट अप’ असा जोर येतो. ‘द बुक’ नवं असू शकतं, जुनंही, म्हणून दोन्ही जागा मोकळ्या. हाच नियम उलट्या बाजूनंही लागू होतो: कर्म लांबलचक असेल तर ‘अप’ क्रियापदाजवळच ठेवा. ‘पिक अप द बुक दॅट यू लेफ्ट ऑन द टेबल’ वाचता येतं; सगळं झाल्यावर शेवटी ‘अप’ टाकलं तर वाचणारा तोवर धागा विसरलेला असतो.

क्रियापद तीन शब्दी असेल तर फोडाफोड बंद. ‘पुट अप विथ’, ‘लुक अप टू’, ‘कम अप विथ’, ‘लिव्ह अप टू’: कर्म सर्वनाम असो वा नाम, शेवटीच. ‘आय कान्ट पुट अप विथ इट.’

विद्यार्थ्यांसाठीचे चांगले शब्दकोश ही माहिती देतात, फक्त ती चिन्हात असते. कर्म आणि ‘अप’ यांच्यामध्ये दुहेरी बाण असेल तर जागा बदलता येते. बाण नसेल तर दिला आहे तोच क्रम ठेवायचा.

एक सापळा राहिला. ‘अप’ पुढे जोडलं गेलं की वेगळाच शब्द होतो. ‘होल्ड अप’ म्हणजे अडवून ठेवणे, ‘अपहोल्ड’ म्हणजे कायम राखणे. वरच्या न्यायालयानं निकाल ‘अपहेल्ड’ केला आणि निकाल ‘हेल्ड अप’ झाला, यांत कायम होणं आणि रखडणं एवढा फरक आहे. ‘सेट अप’ आणि ‘अपसेट’ यांचंही तसंच.

---

तळटीप

तिसरा प्रश्न माझ्या कामातला, सॉफ्टवेअरच्या पडद्यावरचा मजकूर.

क्रियापद असेल तर दोन शब्द, नाम असेल तर एक (काही नामांत मध्ये जोडरेघ, जसं ‘फॉलो-अप’). खात्री करायची तर मध्ये ‘इट’ घालून पाहा. ‘बॅक इट अप’ जमतं, म्हणजे क्रियापद, तोडून लिहा. आधी ‘द’ किंवा ‘अ’ बसत असेल (‘टेक अ बॅकअप’), तर नाम, जोडून लिहा. उच्चारही वेगळा: नामात आघात पहिल्या अवयवावर, क्रियापदात ‘अप’वर. भूतकाळ ‘बॅक्ड अप’ असतो. ‘बॅकअप्ड’ नावाचा शब्द नाही. अनेकवचनात ‘एस’ शेवटी लागतो: ‘बॅकअप्स’, ‘चेक-अप्स’.

भाषांतर करताना बटणावर ‘सेट अप’ असेल तर ‘मांडणी करा’ अशी आज्ञा आणि मथळ्यात ‘सेटअप’ असेल तर ‘मांडणी’. फरक फक्त दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा, पण ती न पाहिल्यामुळे बटणावर नाम आणि मथळ्यावर आज्ञा असे प्रकार होतात.

आणखी दोन ठिकाणं जपण्यासारखी. फाइलींच्या यादीतला ‘अप’ म्हणजे वरची ओळ नव्हे, बाहेरचा फोल्डर. ‘वर’ असं भाषांतर केलं तर वापरणारा स्क्रोल होण्याची वाट पाहतो. दुसरं ‘अप टू’. ‘अप टू फाइव्ह फाइल्स’ यात पाच धरलेल्या असतात, पण तारखेच्या बाबतीत ‘अप टू द टेन्थ’ वाचून दहावा दिवस धरायचा की नाही, यावर लोक अडतात. आपलं ‘दहा तारखेपर्यंत’ही तितकंच संदिग्ध, त्यामुळे भाषांतरानं सुटका होत नाही. मुळातच ‘अप टू अँड इन्क्लूडिंग’ लिहून घ्यावं.

‘अपटाइम’ (सर्व्हर चालू असण्याचा वेळ) मात्र जसाच्या तसा ठेवावा आणि आकडा उलगडून द्यावा. ९९.९ टक्के अपटाइम ऐकायला भारी वाटतो. ३० दिवसांच्या महिन्यात त्यात ४३.२ मिनिटं बंद राहायची मुभा आहे.

---

मितभाषी

आपल्याकडून होणाऱ्या काही चुका, थोडक्यात.

‘कोप अप विथ’ नाही; ‘कोप विथ’. ‘कीप अप विथ’च्या सवयीनं ‘अप’ घुसतं.

‘व्हेअर डू यू पुट अप?’ असं कायमचा पत्ता विचारताना म्हणू नये. ‘पुट अप’ म्हणजे तात्पुरता मुक्काम.

फॉर्म ‘फिल इन’ किंवा ‘फिल आउट’. ‘फिल अप’ टाकीचं.

‘वॉश अप’ ब्रिटिश बोलीत भांडी घासणे, अमेरिकेत हात-तोंड धुणे. ‘नॉक समवन अप’ ब्रिटनमध्ये पूर्वी दार ठोठावून उठवणे असं होतं. अमेरिकी कानाला ते गर्भवती करणे असं ऐकू येतं. वापरूच नका.

‘मूव्ह द मीटिंग अप’ म्हणजे मीटिंग अलीकडे घेणे. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजेही अलीकडेच. आपण ‘पुढे’ म्हणतो ते नेमकं उलट, पुढे ढकलणे. नवी तारीख आणि वेळ लिहून मोकळं व्हावं.

---

शंकासुर

सगळ्यांचे आभार. टेकडी-बिलाची कसोटी लगेच पटली. आता एवढंच राहिलं: ‘अप फॉर’ आणि ‘अप टू’. ‘आय ॲम अप फॉर इट’, ‘आय ॲम नॉट अप टू इट’, ‘इट्स अप टू यू’, ‘व्हॉट आर यू अप टू?’ या चारांत माझा कायम घोळ होतो.

---

पदच्छेद

‘अप फॉर इट’: इच्छा आहे, तयार आहे. ‘नॉट अप टू इट’: झेपणार नाही, इच्छा असेलही. आजारी माणूस ‘आय ॲम नॉट अप टू इट’ म्हणतो, कंटाळलेला ‘आय ॲम नॉट अप फॉर इट’. हा भेद पाळला नाही तर नकार उगीच उद्धट वाटतो.

‘इट्स अप टू यू’ यात कर्ता माणूस नाही, ‘इट’ आहे: निर्णय तुझ्याकडे. ‘व्हॉट आर यू अप टू?’ यात कर्ता माणूस आहे आणि प्रश्न ‘व्हॉट’चा: काय उद्योग चाललाय? सुरात थोडा संशयही असू शकतो, म्हणून वरिष्ठांना विचारताना जपून.

म्हणजे आधी कर्ता पाहा. ‘इट’ असेल तर बहुधा निर्णय, माणूस असेल तर कुवत किंवा उद्योग.

पुढे काय जोडायचं तेही वेगळं आहे. कुवतीच्या ‘अप टू’नंतर नाम किंवा ‘इंग’वालं रूप येतं: ‘आय ॲम नॉट अप टू ट्रॅव्हलिंग.’ निर्णयाच्या ‘अप टू’नंतर आधी माणूस, मग वेगळा ‘टू’ आणि मूळ क्रियापद: ‘इट्स अप टू यू टू डिसाइड.’ इथे दोन ‘टू’ पाहून एक खोडायचा मोह होतो. दोन्ही हवेत.